आजोबांचं नाव सिंगापूरच्या स्मारकावर आहे, आईला घेऊन जावं का?

जुळेसोलापूरकर
मंडळी, एक सल्ला हवाय. थोडं लांबण लागेल.

माझ्या आईचे वडील दुसऱ्या महायुद्धात बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत होते. मूळ गाव माढा तालुक्यातलं. १९४१ साली त्यांची कंपनी बोटीनं मलायाला (आजच्या मलेशियात) गेली. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि त्यानंतर त्यांचा काहीच ठावठिकाणा नाही. घरी आधी 'बेपत्ता' असा कागद आला. लढाई संपल्यावर दुसरा आला, 'मृत समजण्यात येत आहे' असा. आई तेव्हा लहान. तिनं बाप पाहिलाच नाही, फोटोसुद्धा नाही. आजीनं मात्र शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. "कागदानं का कुणी मरतंय?" म्हणायची. पेन्शनच्या दिवशी कुंकू लावून जायची, विधवेच्या रकान्यापुढं अंगठा उठवायची आणि तशीच कुंकवानं परत यायची.

आता माझा मुलगा नोकरीनिमित्त सिंगापुरात आहे. त्यानं शोधून काढलं की ज्या सैनिकांची कबर किंवा दहनाची जागा माहीत नाही, त्यांची नावं तिथल्या क्रांजी स्मारकावर कोरलेली आहेत. म्हणजे आजोबांचंही असणार. आई ८४ वर्षांची आहे. गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. माझा भाऊ म्हणतो, इतक्या वर्षांनी खपली कशाला काढायची? मला वाटतं न्यावं.

अशा जागी कुणी जाऊन आलंय का? तिथं जाऊन करायचं काय असतं? हार घालायचा, दिवा लावायचा, की नुसतं बघून यायचं?

पार्कचौक_पंटर
न्या. बाकीची चर्चा तिकीट काढल्यावर.

सेरंगून_रिटर्न
मी सिंगापुरात बरीच वर्षं काढली आहेत, क्रांजीला अनेकदा गेलोय. सविस्तर सांगतो.

शहराच्या उत्तरेला आहे, जोहोरच्या बाजूला. क्रांजी नावाचं मेट्रो स्टेशनच आहे, तिथून जवळ. आत शिरलं की चढावर ओळीनं कबरी. साडेचार हजारांच्या आसपास दफनं, त्यातल्या साडेआठशेंहून जास्त लोकांची ओळखच पटलेली नाही. चढ संपला की वर स्मारक. लांबून विमानाचे पंख पसरल्यासारखं छप्पर, मधोमध उंच सुळका. छपराखाली एकामागं एक पांढऱ्या दगडी भिंती उभ्या आणि त्यांच्या दोन्ही अंगांना वरपासून खालपर्यंत नावं. २४ हजारांहून जास्त. पलटणीप्रमाणे, मग हुद्द्याप्रमाणे, मग नावाप्रमाणे लावलेली. हिंदी सैन्याच्या भिंतींपाशी गेलात की शिपाई, नाईक, लान्स नाईक, जमादार... एकाच आडनावाचे इतके की आपला कुठला ते नंबराशिवाय कळत नाही. त्यामुळं कॉलम नंबर आधीच काढून ठेवा, नाहीतर मान मोडेल.

आणखी एक. स्मारकाच्या मागच्या बाजूला वेगळं छोटं दहन-स्मारक आहे. ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला अशा जवळपास ८०० जणांचं, बहुतेक आपलीच माणसं. लोक पुढची भिंत बघून परत फिरतात. तुम्ही मागं जाऊन या.

हार-फुलांना कुणी नाही म्हणत नाही. दिवा-उदबत्तीचं मात्र तिथल्या माळ्याला किंवा रखवालदाराला आधी विचारा. हिरवळ त्यांनी जिवापाड राखलीय.

मार्शललॉ_१९३०
मी थोडं उलटं बोलतो, राग मानू नका. ताईंच्या आजोबांबद्दल काही नाही, स्मारकाबद्दल आहे.

आपलं गाव कुठलं? सोलापूर, मे १९३० मध्ये ज्या गावानं इंग्रजी अंमल काही दिवस उधळून लावला ते. त्यावर मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी याच जिल्ह्यातली पोरं त्याच सरकारची खाकी चढवून त्या सरकारच्या वसाहती राखायला गेली आणि मेली. त्या क्रांजीच्या स्मारकावर वाक्य काय आहे माहितेय? 'ते सर्व स्वतंत्र माणसांसाठी मेले.' हिंदी, उर्दू, गुरुमुखी, चिनी, मलाय, सगळ्या भाषांत कोरलंय. यातला स्वतंत्र कोण होता? चिनी नव्हता, मलाय नव्हता, आपला तर नव्हताच.

आईंना जरूर न्या. पण तिथं जाऊन भारावून जाऊ नका एवढंच म्हणणं.

माढ्याचा_गडी
काय बोलायलास बे? उजनीचं पाणी १९८० नंतर आलं. त्याआधी माढा-करमाळ्याकडं काय होतं? कुसळं. कोरडवाहू चार एकर आणि खाणारी नऊ तोंडं. घरचा एक पोरगा पलटणीत गेला की मनिऑर्डर यायची, त्यावर बैल यायचा, बहिणीचं लग्न व्हायचं. त्या लढाईत हिंदुस्थानातून पंचवीस लाखांपर्यंत माणूस भरती झाला. सगळे काय इंग्रजाच्या प्रेमात होते का? पोटासाठी गेले. तुझे-माझे लोक दुबईला जातेत तसंच.

मार्शललॉ_१९३०
@माढ्याचा_गडी, तेच तर म्हणतोय की. पोटासाठी गेले असं लिहा ना मग दगडावर. स्वतंत्र माणसांसाठी कशाला लिहिता?

पार्कचौक_पंटर
'पोटासाठी मेले' असं कोरलं असतं तर इंग्रजाला स्मारक बांधून फायदा काय?

करमाळा_एक्सप्रेस
मार्शललॉभाऊ, निदान तिथं नाव तरी आहे. आमचं ऐका.

माझे खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये. ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. कूट-अल-अमाराचा वेढा, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. अन्न संपलं तेव्हा तोफा ओढणारी घोडी आणि खेचरं कापून खायची पाळी आली. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते मांस तोंडात घेतलं नाही, उपासानं खंगले. शरणागती झाली, मग कैद्यांची वाळवंटातून पायपीट, रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. खापरपणजोबा त्या वाटेवर कुठंतरी गेले असणार. घरात एवढीच माहिती की 'बसऱ्याला गेले'.

बसऱ्याचं स्मारक १९२९ मध्ये उघडलं. कबर नसलेले ४० हजारांहून अधिक लोक त्यावर आहेत. पण त्यात गोऱ्या सैनिकांची नावं एक एक करून कोरलीत, हिंदी अधिकाऱ्यांचीही. साधा शिपाई मात्र नावानं नाही. पलटणीचं नाव आणि पुढं 'आणि इतके इतर हिंदी सैनिक' असा आकडा. आमचे खापरपणजोबा त्या आकड्यातले एक. २०२१ मध्ये या कबरी-स्मारकं सांभाळणाऱ्या वॉर ग्रेव्ह्ज कमिशननंच चौकशी करून हे कबूल केलं, माफी मागितली. आफ्रिका, मध्यपूर्व, हिंदुस्थान मिळून लाखाहून जास्त माणसांचं एक तर नावच कुठं नाही, नाहीतर स्मारकच नाही.

बरं, तिथं जायचं म्हणाल तर ते स्मारक मूळ जागी राहिलंही नाही. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमानं उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवलं, बसऱ्यापासून तीसेक किलोमीटर. तेव्हा ताई, तुमच्या आजोबांचं नाव दगडावर आहे आणि तो दगड मेट्रो स्टेशनच्या बाजूला आहे. जाऊन या.

शेंगाचटणी
धागा वाचून गप्प बसले होते. करमाळा, तुमचं वाचून तर जास्तच.

बाकी ताई, सिंगापूरला च्युइंगगम नेऊ नका, बंदी आहे. शेंगाचटणी आम्ही दर वेळी नेतो, आजवर कुणी अडवलं नाही. उलट कस्टमवाल्यानं वास घेऊन विचारलं, काय आहे म्हणून.

पूर्वभाग_पद्मशाली
नुसती चटणी काय खाणार, कडक भाकरीपण न्या. ती महिनाभर टिकतीया.

सुभेदार_निवृत्त
जय हिंद.

ताई, जायच्या आधी कागदपत्रं करा, तीही क्रमानं. पहिलं, आजोबांचा आर्मी नंबर. तो पेन्शनच्या जुन्या पुस्तकावर किंवा त्या 'मृत समजण्यात येत आहे' कागदावर असतो. दुसरं, वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर त्या नंबरानं शोधा, नावानं नको. कारकुनांनी इंग्रजीत नावं कानाला येतील तशी लिहिली आहेत. सोलापूरसुद्धा बहुतेक ठिकाणी 'शोलापूर' असं सापडेल. तिसरं, बॉम्बे सॅपर्सचं सेंटर म्हणजे आजचं खडकीचं बॉम्बे इंजिनिअर ग्रुप. त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर, गाव आणि नातं लिहून साधं पत्र पाठवा. उशिरा येईल पण उत्तर येतं. पत्र कसं लिहायचं ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतील.

नंबर हा सगळ्यात महत्त्वाचा. २०२२ मध्ये सियाचीनला १९ कुमाऊंच्या लान्स नाईक चंद्रशेखर हर्बोला यांचं पार्थिव सापडलं. १९८४ मध्ये हिमकड्याखाली गेले होते. ३८ वर्षांनी ओळख कशावरून पटली? गळ्यातल्या बिल्ल्यावरच्या नंबरावरून. घरच्यांनी हल्द्वानीला अग्नी दिला.

आणि @मार्शललॉ_१९३०, तुमचा मुद्दा मला पटत नाही असं नाही. पण पलटणीत असताना माणूस सरकारकडं बघत नसतो, शेजारच्या खंदकातल्या जोडीदाराकडं बघत असतो. एवढंच.

जुळेसोलापूरकर
सगळ्यांचे आभार. सुभेदारकाका, पेन्शनचं पुस्तक मामाकडं आहे, मागवते.

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. १९४६ मध्ये शेजारच्या गावचे एक जण मलायातून सुटून आले. त्यांनी आजीला सांगितलं की मी तुझ्या नवऱ्याला आझाद हिंद फौजेच्या छावणीत बघितलंय. आजीनं त्याच्यावर पुढची सगळी वर्षं काढली. तो नेताजींबरोबर गेला, परत आला तर इंग्रज फाशी देतील म्हणून तिकडंच राहिला, अशी तिची समजूत. स्वातंत्र्य मिळाल्यावर म्हणायची, आता येईल.

खरं-खोटं देव जाणे. पण तसं असेल तर त्यांचं नाव इंग्रजांच्या स्मारकावर असेल का?

मार्शललॉ_१९३०
बघा! आता माझाही रस वाढला.

सेरंगून_रिटर्न
असू शकतं. १७ फेब्रुवारी १९४२ ला, म्हणजे शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, जपान्यांनी सगळ्या हिंदी सैनिकांना फेरर पार्कच्या मैदानावर गोळा केलं. चाळीस-पंचेचाळीस हजार माणूस. तिथं हिंदी सैन्यातल्याच मोहनसिंगांनी आझाद हिंद फौजेची हाक दिली. कुणी गेले, कुणी नाही गेले. जे नाही गेले त्यातल्या कित्येकांना बोटीत कोंबून न्यू गिनीकडं मजुरीला नेलं. त्यातले परतले थोडेच. आता १९४२ नंतर ज्याचा पत्ता नाही तो यातला नेमका कुठला, हे इंग्रजांच्या कारकुनाला तरी कुठं कळणार? यादीत बेपत्ता, कबर नाही, की नाव भिंतीवर.

आझाद हिंदचंही स्मारक होतं सिंगापुरात, समुद्राकाठी एस्प्लनेडवर. जुलै १९४५ मध्ये नेताजींनी स्वतः पायाभरणी केली. काही आठवड्यांत इंग्रज परत आले आणि माउंटबॅटनच्या हुकमानं ते सुरुंगानं उडवलं. १९९५ मध्ये सिंगापूर सरकारनं त्या जागी खूण म्हणून फलक लावलाय. मेट्रोनं अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. ताई, दोन्हीकडं जा. एक फूल तिथं, एक इथं. कुठलं लागू पडेल ते पडेल.

माढ्याचा_गडी
हे लई भारी सांगितलं. उडवलेल्या स्मारकाला पण फूल.

बार्शीची_ज्योती
मी जरा वेगळं सांगते. न्यायच्या आधी आईंना नीट विचारा. खरंच विचारा, ठरवून सांगू नका.

आमच्या गल्लीत एक काकू होत्या. त्यांचा नवरा १९७१ च्या लढाईत पश्चिम आघाडीवर बेपत्ता झाला. ९३ हजार कैदी आपण सोडून दिले, पण आपले काही लोक परत आलेच नाहीत. १९७९ मध्ये संसदेत अशा जवानांची यादी ठेवली होती, तेव्हापासून पेपरात 'पाकिस्तानच्या तुरुंगात' असं काही छापून आलं की काकू पेपर आमच्या बाबांकडं घेऊन यायच्या, मोठ्यानं वाचून दाखवा म्हणायच्या. मुलगा कमवता झाल्यावर त्यांना हौसेनं दिल्लीला घेऊन गेला. राष्ट्रीय युद्धस्मारक २०१९ मध्ये नुकतंच उघडलं होतं. तिथं त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर सोनेरी अक्षरांत पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत, गोल गोल भिंतींत. मुलगा यंत्रावर नाव शोधायला लागला तर काकूंनी त्याचा हात धरला. "तिथं नको शोधूस. ते मेलेल्यांचं हाय." आणि बाहेर येऊन बाकावर बसल्या. मुलगा आजही म्हणतो की नको न्यायला हवं होतं.

तुमच्या आजी असत्या तर त्या गेल्या असत्या का? मला नाही वाटत. आई वेगळ्या आहेत, हे खरं. त्यांनी वाट बघितलेली नाही, वाट बघणारी बघितली आहे.

जुळेसोलापूरकर
ज्योती, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. विचारते आईला.

गुरुजी_पंढरपूर
विधीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडं हा प्रश्न घेऊन येणारे पुष्कळ असतात, सैन्यातलेच असं नाही. पुरात वाहून गेलेले, घर सोडून गेलेलेही.

परदेशी गेलेला माणूस बारा वर्षं परतला नाही, काही वार्ता नाही, तर पळसाच्या पानांची किंवा दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी देतात. याला पालाशविधी म्हणतात. त्यानंतरच पुढचं श्राद्ध वगैरे. घरात कुणी तो केला होता का ते बघा. बहुधा नसेल, कारण आजींनी होऊ दिला नसता. तिथी माहीत नसली तर सर्वपित्रीला करतात. शस्त्रानं मृत्यू आला असेल तर पितृपक्षातली चतुर्दशी. हे सगळं इथं, चंद्रभागेवर होतं. त्यासाठी सिंगापूरला पिंड न्यायची गरज नाही. तिथं फूल वाहा, पाणी सोडा, पुरे.

आणि कायद्याचं म्हणाल तर तो सात वर्षांतच मृत समजतो. शास्त्रानं बारा दिली, एवढा फरक.

शेंगाचटणी
गुरुजी, आणि आजींनी पन्नास-साठ दिली.

करमाळा_एक्सप्रेस
सेरंगूनभाऊ, एक विचारायचं होतं. त्या मधल्या सुळक्यावर अंत्यसंस्काराबद्दल काही लिहिलंय ना? कुठंतरी वाचलं होतं.

सेरंगून_रिटर्न
हो. मतलब असा की मलाया आणि आसपासच्या भूमीवर-समुद्रात जीव दिलेल्या नाना जातींच्या चोवीस हजारांची ही नावं, ज्यांना त्यांच्या सोबत्यांना मिळाले तसे रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार युद्धामुळं लाभू शकले नाहीत. म्हणजे गुरुजी म्हणतात तेच, राहिलेल्या विधीचं कबुलीपत्र.

मार्शललॉ_१९३०
हे वाक्य प्रामाणिक आहे. हे मला चालतं.

पार्कचौक_पंटर
मार्शललॉची मंजुरी आली. आता इंग्रजांना सुखानं झोप लागेल.

अकलूजवाला
विषय निघालाय तर सांगतो. व्हिक्टोरिया क्रॉसवाले नाईक यशवंत घाडगे आपल्या रायगड जिल्ह्यातले, १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात पडले, वय २२. एकट्यानं मशीनगनचं ठाणं घेतलं. त्यांचंही शव सापडलं नाही. नाव कसिनोच्या स्मारकावर आहे, तिथंही कबर नसलेल्यांचीच नावं, चार हजारांवर. २०२३ मध्ये मोंतोने नावाच्या इटालियन गावानं त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्याचीही हीच गत, तर साध्या सॅपरचं काय.

ज्यांना परदेश जमत नाही त्यांच्यासाठी: दीवला जा. ९ डिसेंबर १९७१ ला आयएनएस खुक्री बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. दीवच्या किनाऱ्यावर टेकाडावर काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे, समोर तोच समुद्र. तिथं गेलं की पर्यटक आधी सेल्फी काढतात, मग फलक वाचतात, मग गप्प होतात. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या वसतिगृहातही पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं उतरून रोज त्या भागात मालाला जाणारे आपले व्यापारी किती, विचारा त्यांना कुणी बघितलंय का.

पूर्वभाग_पद्मशाली
आम्ही चादरीचा माल घेऊन मशीद बंदरला वीस वर्षं जातोय. नाही बघितलं. पुढच्या खेपेला बघतो.

भैय्याचौक_बुकवाला
त्याच लढाईत सोलापूरचा अजून एक माणूस पूर्वेकडं गेला तो परत आला नाही, डॉ. कोटणीस. ९ डिसेंबर १९४२, चीनमध्ये. पण त्यांची समाधी शिजियाझुआंगला आहे, इथं घर आहे, स्मारक आहे, चिनी पाहुणे येतात. त्याच वर्षी सिंगापुरात बेपत्ता झालेल्या सॅपरसाठी गावात दगड तरी आहे का? साताऱ्याकडं अपशिंग्यासारख्या गावात पहिल्या महायुद्धाचा स्तंभ आहे, ४६ जण गेले म्हणून. आपल्या माढ्या-करमाळ्यात कुठल्या चावडीत संगमरवरी पाटी कुणी पाहिली असेल तर फोटो टाका. पंचायतीची नवी इमारत बांधताना अशा पाट्या पायरीला लावलेल्या मी बघितल्यात, दुसऱ्या जिल्ह्यात.

माढ्याचा_गडी
यायलाव गावाकडं रविवारी, बघून सांगतो.

जुळेसोलापूरकर
मंडळी, नवी खबर.

मामाकडून पेन्शनचं पुस्तक आलं. पानं पिवळी पडून कडा झडल्यात, पण नंबर स्पष्ट आहे. सुभेदारकाकांनी सांगितल्याप्रमाणे नंबरानं शोधलं आणि सापडलं! नावानं शोधून दोन दिवस डोकं फोडलं होतं, कारण आजोबांचं आडनाव तिथं भलतंच पडलंय. हुद्दा सॅपर, सिंगापूर स्मारक, कॉलम नंबर. आणि खाली एक ओळ: अमुकचा मुलगा, अमुकबाईचा नवरा, गाव, माढा, शोलापूर.

आईला मोबाईलवर दाखवलं, वाचून दाखवलं. ती आजोबांच्या नावापाशी थांबलीच नाही. "माझ्या आईचं नाव हाय का ह्याच्यात? परत वाच." परत वाचलं. मग म्हणाली, "दगडावर पण हाय का तिचं?" मी म्हणाले, दगडावर नाही, नोंदवहीत आहे. ती म्हणाली, "मग वहीचं छापून आण एक." छापून आणलं, लॅमिनेट केलं, ती ते उशाखाली घेऊन झोपते हे मला काल कळलं.

ज्योती, विचारलं. खरंच विचारलं, ठरवून नाही. ती म्हणाली, "माझी आई गेली नसती. मी जाते." भावाचा विरोध मावळलाय, उलट तोच येतो म्हणतोय. आता आमच्यात कोण व्हीलचेअर ढकलणार यावर वाद आहे.

आझाद हिंदचं तिला सांगितलं. दोन्हीकडं जायचं म्हणते. "त्यांनी कुठली टोपी घातली हुती ते मला काय करायचंय" असं म्हणाली. मार्शललॉदादा, हे तुमच्यासाठी.

मार्शललॉ_१९३०
आईंना नमस्कार सांगा. आणि माझ्यातर्फे एक फूल त्या उडवलेल्या स्मारकाला. बरं, दुसऱ्यालाही घाला.

सुभेदार_निवृत्त
उत्तम. खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकलं का? मेडल घेतलं नसेल तर चौकशी करा. घेतलं नसण्याची शक्यता जास्त.

बार्शीची_ज्योती
छान वाटलं. पाणी आणि बीपीची गोळी हातातल्या पिशवीत ठेवा.

जुळेसोलापूरकर
आता खरी अडचण. आईकडं जन्माचा दाखला नाही. शाळाही चौथीपर्यंत, दाखला कुठं गेला माहीत नाही. आधारवर १ जून जन्मतारीख, मास्तरांनी टाकलेली. पासपोर्ट मिळेल का?

पार्कचौक_पंटर
१ जून! सोलापूर जिल्ह्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस.

सेरंगून_रिटर्न
मिळतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांनाच जन्मदाखला सक्तीचा आहे. बाकीच्यांना पॅन, मतदार ओळखपत्र यातलं जन्मतारखेसाठी चालतं, फक्त सगळीकडं तारीख एकच हवी. मतदार कार्डावर १ जानेवारी असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. व्हिसा अधिकृत एजंटामार्फत काढावा लागतो. जाण्याआधी तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरा, त्याला पैसे लागत नाहीत, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका.

क्रांजीला सकाळी लवकर जा, दुपारी ऊन भाजून काढतं नाहीतर धो धो पाऊस. व्हीलचेअर चढावरून जाते, पण वरच्या भिंतींपाशी पायऱ्या आहेत, तिथं दोघांनी मिळून उचलायची तयारी ठेवा. मागच्या बाजूनं सपाट वाट आहे का ते माझ्या तिथल्या मित्राला विचारून इथंच लिहितो.

जुळेसोलापूरकर
विचारा नक्की. आणि मतदार कार्ड बघितलं, त्यावर १ जानेवारीच आहे.